रोरी गॅलहरला मान नको, जतन हवं

2024 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बॉनम्स या लिलावघरात 1961 साली बनलेली एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार 8 लाख 89 हजार 400 पौंडांना गेली. कॉर्क शहरातल्या क्रॉली यांच्या वाद्यांच्या दुकानातून 1963 साली ती पंधरा वर्षांच्या एका मुलाने उधारीवर घेतली होती. तेव्हा किंमत होती जेमतेम शंभर पौंड. त्या मुलाचं नाव रोरी गॅलहर, पुढे गाजलेला आयरिश गिटारवादक. 1995 साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तोवर त्याने ती सोडली नाही. भाऊ डोनल आयुष्यभर त्याचा मॅनेजर होता आणि रोरीनंतर पुढची जवळजवळ तीस वर्षं तोच हा संग्रह सांभाळत होता.

लिलावाची बातमी आल्याबरोबर आयर्लंडमधले चाहते एकवटले. गिटार देशाबाहेर जाता कामा नये, ती सरकारने घ्यावी, अशी मागणी झाली आणि विषय राजकारण्यांपर्यंत पोहोचला. शेवटी लाइव्ह नेशन गेयटी या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही आनंद झालाच. पण त्या आनंदात एक प्रश्न तसाच राहून गेला. एखाद्या खाजगी कंपनीला हे सुचलं नसतं तर?

माझं म्हणणं असं आहे की गॅलहरच्या चाहत्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, इतकी वर्षं चुकीची गोष्ट मागितली. आपण त्याच्यासाठी मान मागत राहिलो. थोर गिटारवादकांच्या याद्यांमध्ये वरचा क्रमांक, अमेरिकेत क्लीव्हलँडला असलेल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश, 'हा माणूस उपेक्षित राहिला' याची जगाकडून कबुली. मागायला हवं होतं ते वेगळंच होतं. त्याची वाद्यं, त्याच्या टेप, त्याचे अ‍ॅम्प्लिफायर आणि ते आवाज कसे निघत याची माहिती सार्वजनिक मालकीची व्हावी, आणि ती कोणाच्या मर्जीवर न ठेवता धोरण म्हणून व्हावी.

ज्यांनी त्याला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1948, आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातलं बॅलीशॅनन. बालपण डेरीत आणि कॉर्कमध्ये. शाळकरी वयातच तो शोबँडमध्ये वाजवू लागला. हे शोबँड म्हणजे नाचघरांत त्या-त्या वेळची लोकप्रिय गाणी वाजवणारी गणवेशातली पथकं. 1966 साली त्याने 'टेस्ट' नावाचा त्रिकुटी बँड काढला. 1968 साली रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात आणि 1970 च्या आइल ऑफ वाइट महोत्सवात टेस्ट वाजवून गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फुटला. पुढची पंचवीस वर्षं गॅलहर स्वतःच्या नावावर उभा राहिला. चौकड्यांचा शर्ट, जीन्स आणि ती रंग उडालेली गिटार. ब्लूज हा पाया, त्यावर रॉक, त्यात आयरिश लोकसंगीताची झाक. स्लाइड गिटार, मँडोलिन, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन, सगळं तो स्वतः वाजवायचा. अमेरिकन ब्लूजमधला दिग्गज मडी वॉटर्स लंडनमध्ये रेकॉर्डिंग करायला आला तेव्हा गिटारीला गॅलहर होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला एरिक क्लॅप्टनच्या पुढे बसवलं होतं.

हा माणूस त्याच्या काळात अज्ञात मुळीच नव्हता. मग 'उपेक्षित' ही त्याची ओळख कुठून आली? माझ्या मते ती आपण चाहत्यांनीच तयार केली, आणि तिच्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला. कारण ज्याला आपण उपेक्षा म्हणतो त्यातला बराच भाग त्याने स्वतः निवडलेला होता.

सिंगल काढायला तो राजी नसायचा. तीन मिनिटांचं गाणं रेडिओसाठी कापून द्यायचं, मग टीव्हीवर जाऊन त्यावर ओठ हलवायचे, हा धंद्याचा साधा नियम त्याला मान्य नव्हता. 1974 च्या अखेरीस गिटारवादक मिक टेलर रोलिंग स्टोन्समधून बाहेर पडला. जानेवारी 1975 मध्ये स्टोन्सनी गॅलहरला रॉटरडॅमला बोलावलं. तो गेला, त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि ठरल्याप्रमाणे स्वतःच्या जपान दौऱ्यासाठी निघून गेला. तिकिटं विकली गेली होती, लोक वाट पाहत होते. चाहत्यांमध्ये हा किस्सा हळहळून सांगितला जातो. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. दुसऱ्याच्या बँडमध्ये दुसऱ्या गिटारीची जागा, की स्वतःचा बँड आणि दिलेला शब्द? त्याने उत्तर दिलं आणि विषय संपवला.

1977-78 चा प्रसंग याहून अवघड आहे. सॅन फ्रान्सिस्कोत निर्माते एलियट मेझर यांच्याबरोबर त्याने अख्खा अल्बम रेकॉर्ड केला आणि तयार झाल्यावर तो कचऱ्यात टाकला. मिक्सिंग मनासारखं झालं नव्हतं. त्याच सुमारास त्याच शहरात त्याने सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शेवटचा कार्यक्रम पाहिला होता. त्या उघड्यावाघड्या आवाजापुढे आपलं काम फार गुळगुळीत झालंय, असं त्याला वाटलं असावं. त्याने कीबोर्डवादकाला निरोप दिला, ड्रमवादक बदलला, पुन्हा त्रिकूट केलं आणि 1978 साली 'फोटो-फिनिश' आणला. टाकून दिलेली ती रेकॉर्डिंग 2011 मध्ये बाहेर आली. ती ऐकल्यावर मला वाटतं की या वेळी तो स्वतःशी जास्तच कठोर वागला. ते काम फेकण्यासारखं नव्हतं. पण तो निर्णय त्याचा होता, कोणा कंपनीने त्याच्यावर लादलेला नव्हता. त्या निर्णयामुळे झालेल्या तोट्याला आपण 'जगाने दुर्लक्ष केलं' असं म्हणतो तेव्हा त्याचा निर्णयच त्याच्याकडून हिरावून घेतो.

मान मागण्याच्या या सवयीतून आणखी एक वाईट गोष्ट घडली. ती म्हणजे ती प्रसिद्ध जिमी हेंड्रिक्सची गोष्ट. 'जगातला सर्वोत्तम गिटारवादक असणं कसं वाटतं?' असं हेंड्रिक्सला कोणीतरी विचारलं आणि तो म्हणाला, 'रोरी गॅलहरला विचारा.' जिथे गॅलहरचं नाव निघतं तिथे हे वाक्य कोणीतरी सांगतंच. हेंड्रिक्स असं म्हणाल्याचा कसलाही पुरावा नाही. हीच गोष्ट वेगवेगळ्या गिटारवादकांची नावं घालूनही सांगितली जाते. प्रेमापोटी खोटं सांगणं क्षम्य वाटू शकतं, पण इथे नुकसान खरं आहे. नवा ऐकणारा एकदा शोध घेतो, गोष्ट बनावट निघते, आणि त्याच्यासोबत बाकी सगळंही फुगवलेलं असावं असा त्याचा समज होतो. ज्याच्या नावावर 'आयरिश टूर '74' सारखा मैफलींचा अल्बम आहे त्याला मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेल्या शिफारसपत्राची गरज काय?

खरी, पडताळता येणारी गोष्ट जवळच आहे आणि ती जास्त मोलाची आहे. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे अगदी तरुणपणी लंडनच्या मार्की क्लबमध्ये टेस्टचा कार्यक्रम ऐकायला गेला होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने आणि त्याच्या मित्राने थांबून गॅलहरला विचारलं की हा आवाज कसा काढता. गॅलहरने काही लपवलं नाही. व्हॉक्स एसी-30 अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या आधी जोडलेली रेंजमास्टर नावाची एक छोटी डबी, असं त्याने सांगितलं. मेने ते दोन्ही मिळवलं आणि आपल्या आवाजाची सुरुवात तिथून झाली हे तो आजवर खुलेपणाने सांगत आला आहे.

ही डबी काय करते ते पाहण्यासारखं आहे. तिच्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो. गिटारीतून येणारा अशक्त सिग्नल, त्यातही वरच्या पट्टीचा भाग, ती उचलून वाढवते. एसी-30 हा व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांवर, चालणारा अ‍ॅम्प. त्याला असा जोरकस सिग्नल मिळाला की व्हॉल्व्ह त्यांच्या मर्यादेबाहेर जातात आणि आवाज फाटायला लागतो, पण फाटतानाही त्यात गोलाई राहते. मग वादकाने पायाने काही दाबायचं उरत नाही. गिटारीवरचं आवाजाचं बटण करंगळीने थोडं मागे घेतलं की सूर स्वच्छ होतो, पुढे ढकललं की ओरडतो. गॅलहर एका ओळीत हे तीन-चार वेळा करायचा. तार छेडताना अंगठ्याची कड तारेला अलगद लावून तो वरचा, शिट्टीसारखा सूर काढायचा, आणि त्याच क्षणी करंगळी बटणावर असायची. हे कानाने कळतं, पण का घडतं ते कळायला ती डबी, तो अ‍ॅम्प आणि ती गिटार एकत्र समोर असावी लागते. लिलावघरात त्यांचे वेगवेगळे क्रमांक लागतात आणि ती वेगवेगळ्या घरी जातात. बॉनम्सच्या लिलावात गॅलहरच्या इतर वस्तूंचं तेच झालं. स्ट्रॅटोकास्टर संग्रहालयात आली, पण संग्रह फुटला. मला याचं फार वाईट वाटतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून आणखी वाईट वाटतं.

कुटुंबाला मी दोष देणार नाही. एका माणसाने आयुष्यभर भावाची वाद्यं, टेप, कागद सांभाळले, ध्वनिमुद्रणं पुन्हा बाहेर आणली, आणि वय झाल्यावर हा भार उतरवायचं ठरवलं. हे काम एका घराने एकट्याने ओढावं अशी वेळच यायला नको होती.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो पैशाचा. घरांची टंचाई आहे, दवाखान्यांत रांगा आहेत, आणि सरकारने दहा-अकरा लाख युरो एका विजेच्या गिटारीवर घालायचे? आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिलंच पाहिजे. पण हाच आक्षेप मध्ययुगीन हस्तलिखिताच्या किंवा तैलचित्राच्या खरेदीवर घेतला जात नाही. तिथे 'वारसा' म्हटलं की चर्चा संपते. म्हणजे अडचण पैशाची कमी आणि रॉकला वारसा मानायचं की नाही याची जास्त आहे.

आणि आयर्लंडला तरी हा प्रश्न पडायला नको. या देशाचं राजचिन्ह एक वाद्य आहे. नाण्यांवर, पासपोर्टवर, सरकारी कागदांवर हार्प असते, आणि ती ज्या प्राचीन हार्पवरून घेतली ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात काचेआड जपलेली आहे. ती कोणी वाजवली हे नक्की कोणालाच माहीत नाही. ब्रायन बोरू राजाचं नाव तिला चिकटलं आहे, पण ती त्या राजाच्या काही शतकं नंतरची आहे. तरीही तिला देशाने आपलं मानलं. इकडे ज्याचा प्रत्येक ओरखडा कुठे पडला हे सांगता येतं असं वाद्य समोर आलं, आणि ते कोणीतरी भेट देईल का याची वाट पाहावी लागली. 2002 साली गॅलहरचं टपाल तिकीट निघालं. 2018 साली त्याच्या नावाने 15 युरोचं चांदीचं नाणं पाडलं गेलं. तिकीट आणि नाणं काढणं सोपं असतं, त्यात मान दिसतो आणि जबाबदारी येत नाही.

त्या गिटारीवरचे ओरखडे हा खरोखर वाचण्यासारखा मजकूर आहे. मूळ रंग सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेला गडद होत गेलेला. साठच्या दशकात ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात पडलेली सापडली, पावसात भिजलेली. त्यानंतर उरलेला रंग गेला तो त्याच्या घामाने, रात्रीमागून रात्री दोन-दोन, तीन-तीन तास वाजवून. उजवा हात जिथे टेकतो तिथलं लाकूड सगळ्यात जास्त उघडं आहे. तारा ताणायच्या सहा खुंट्यांपैकी पाच एका कंपनीच्या आणि एक दुसऱ्याच कंपनीची. जे मोडलं ते हाताशी मिळालं त्याने दुरुस्त केलं आणि पुढच्या गावी गेला. फेंडर कंपनीने या झिजलेल्या रूपाच्या हुबेहूब प्रती बनवून विकल्या. नव्या लाकडावर मुद्दाम पाडलेले ते ओरखडे पाहिले की मूळ वस्तू जपणं का गरजेचं आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण गॅलहरला सार्वजनिक ठेवा मानण्यामागे माझ्या दृष्टीने सर्वात भक्कम कारण बेल्फास्ट आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्ब फुटत होते, संध्याकाळनंतर शहराचा मध्यभाग ओस पडायचा, आणि बाहेरचे बँड तिथे पाऊल टाकत नव्हते. गॅलहर यायचा. 1972 च्या पहिल्याच दिवशी तो बेल्फास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवत होता, त्याच्या आदल्या रात्री शहरात स्फोट झाले होते. जानेवारी 1974 मध्ये त्याने बेल्फास्ट, डब्लिन आणि कॉर्क असा दौरा केला. त्याचंच ध्वनिमुद्रण म्हणजे 'आयरिश टूर '74', आणि दिग्दर्शक टोनी पामर यांनी त्याच नावाचा चित्रपटही केला. पुढच्याच वर्षी, जुलै 1975 मध्ये, बॅनब्रिजहून परतणाऱ्या मायामी शोबँडची गाडी सशस्त्र लोकांनी अडवली आणि तीन वादकांना ठार केलं. ज्या शोबँडच्या जगातून गॅलहर वर आला होता, त्याच जगातली ही माणसं. रस्त्यावर वाद्यं घेऊन निघणं जिवावर बेतू शकतं हे सिद्ध झाल्यावरही तो उत्तरेत येत राहिला.

अल्स्टर हॉलमध्ये अशा रात्री शेजारी कोण उभा आहे, कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे कोणी विचारत नव्हतं. त्या पिढीतली माणसं हे वारंवार सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण 'आयरिश टूर' मधला जमाव ऐकू येतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच तो टाळ्यांचा ठेका धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. गॅलहर त्यांना भाषण देत नाही. कोणत्याही बाजूचा झेंडा हाती घेत नाही. ज्या शहरात कोणी येत नाही तिथे दरवर्षी येऊन पूर्ण कार्यक्रम करणं हेच त्याचं म्हणणं होतं. हे काम खपाच्या आकड्यांत मोजता येत नाही आणि क्लीव्हलँडमधल्या कोणत्या समितीला त्याची नोंद घेण्याचं कारणही नाही. ते काम या बेटावरच्या लोकांसाठी झालं होतं, त्यामुळे ते जपण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.

चाहत्यांनी आपल्या परीने ही जबाबदारी आधीच उचलली आहे. बॅलीशॅननमध्ये दरवर्षी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला त्याच्या नावाने महोत्सव भरतो आणि गावात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. डब्लिनच्या टेंपल बारमध्ये भिंतीवर ब्राँझची गिटार आहे, कॉर्कमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे, पॅरिसजवळच्या रिस-ऑरांजिसमध्ये रस्ता आहे. 2025 च्या जानेवारीत अल्स्टर हॉलच्या दाराशी त्याचा पुतळा उभा राहिला, त्यामागेही चाहत्यांनी वर्षानुवर्षं केलेली खटपट होती. आता पुतळे पुरे झाले, असं मला मनापासून वाटतं. याच चिकाटीने पुढचं मागायला हवं.

राष्ट्रीय संग्रहालयात लोकप्रिय संगीतासाठी वेगळा विभाग असावा, त्यात वाद्यांच्या जोडीने अ‍ॅम्प, डब्या, टेप, दौऱ्यांची कागदपत्रं एकत्र राहावीत. कलाकाराच्या कुटुंबाला संग्रह मोडून विकायची वेळ येण्याआधी बोलणी करता येतील असा कायम निधी असावा. लिलावाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. फिल लिनट आणि गॅरी मूर हे आयरिश रॉक कलाकार, आणि ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत असे शोबँडमधले शेकडो वादक, या सगळ्यांच्या वस्तू कुठल्या तरी माळ्यावर पडून असतील. गॅलहरचे चाहते संख्येने जास्त आहेत, संघटित आहेत, म्हणून ही मागणी त्यांनी सगळ्यांच्या वतीने करावी.

एक मागणी मात्र फक्त त्या गिटारीसाठी आहे, आणि तिला संग्रहालयवाले विरोध करतील हे मला ठाऊक आहे. ती गिटार वाजती ठेवावी. 2011 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत अमेरिकन ब्लूज गिटारवादक जो बोनामासाने ती मंचावर वाजवली होती, तेव्हा तिला काही झालं नाही. जतन करणारे म्हणतील की गिटारीच्या मानेवरचे पडदे झिजतात, तारांचा आवाज पकडणारे जुने पिकअप निकामी होऊ शकतात, घामाने लाकूड खराब होतं. खरं आहे. पण न वाजवलेलं वाद्यही खराब होतंच. तारांचा ताण, मानेचा बाक, बटणांतली धूळ, हे सगळं वाजवण्यातून आणि त्यानंतरच्या देखभालीतूनच ताळ्यावर राहतं. वर्षातून एकदा, जाणत्या हातात, एकदा कॉर्कच्या सिटी हॉलमध्ये तर एकदा अल्स्टर हॉलमध्ये, एसी-30 आणि रेंजमास्टर जोडून ती ऐकवावी. तिकीट स्वस्त ठेवावं आणि पुढच्या रांगा शाळकरी मुलांसाठी राखाव्यात. कार्यक्रम संपल्यावर मुलांना जवळ जाऊन प्रश्न विचारू द्यावेत, जसे ब्रायन मेने विचारले होते.